खिडकीतलं अक्रोडाचं तेल

मी एक जुनी काचेची बाटली आहे. पारदर्शक, उंच मानेची आणि, खरं सांगायचं तर, जरा जास्तच नटवी. मित्रांनो, या नटवेपणापायी एक घाणा बंद पडला.

मी तात्यांच्या घाण्यावर होते. तात्या अक्रोडाचं तेल काढायचे. गर मंद आचेवर शेकायचा, सावकाश दाबायचा, तेल डब्यांत भरून जिन्याखालच्या अंधारात ठेवायचं, ही त्यांच्या वडिलांची पद्धत. हंगामातलं पहिलं तेल मात्र ते माझ्यात भरत आणि मला खिडकीत मांडत. उन्हात ते असं चमके की येणारेजाणारे थांबून बघत. मी फुशारून जाई.

एका वर्षी मुलांच्या रुग्णालयानं हे तेल घ्यायचं ठरवलं. आधी फक्त तपासणी हवी होती. ते काम मिळालं, तर तात्यांची लेक घाणा पुढे चालवणार होती.

"डब्यातलं पाठवूया ना, तात्या," ती म्हणाली.

"छे, डब्यातलं काय पाठवायचं? आपलं सगळ्यात चांगलं जाऊ दे," म्हणत त्यांनी मलाच उचललं.

अहवाल आला. परॉक्साइडचं प्रमाण फार, तेल खवट, नापास. मी तेव्हा प्रयोगशाळेतच होते. पुढचं मला लेकीच्या तोंडून कळलं. तात्यांनी जिन्याखालचे सगळे डबे मोरीत ओतले. "आजारी पोरांना मी हे देणार होतो," एवढंच ते बोलले.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाई मला परत द्यायला आल्या.

"तेल मुळात उत्तम होतं हो," त्या म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल, साधारण दहावा हिस्सा ओमेगा-३, शिवाय ई जीवनसत्त्व. ही आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. पण उजेडात तीच आधी बिघडतात. बाटली ठेवली कुठे होती?"

लेकीनं खिडकीकडे बोट दाखवलं.

"मग अंधारातलं थोडं द्या. मी पुन्हा तपासते."

तात्या मोरीकडे बघत राहिले.

नव्या हंगामाला बराच अवकाश होता आणि रुग्णालय थांबलं नाही. लेक परगावी नोकरीला गेली. तात्यांनी घाण्याला पुन्हा हात लावला नाही. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, असं तेल गडद बाटलीत, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. आणि काही बिघडलं तर टाकून देण्याआधी विचारा, का बिघडलं. तात्यांनी दोनच दिवस थांबायला हवं होतं. हे त्यांना सांगायला मी तिथे नव्हते, आणि असते तरी बाटलीला कुठे बोलता येतं?