सीटवरची खोळ

माझा जावई माझ्या स्कूटरला बोट लावत नाही. दारात नवीकोरी चिनी गाडी उभी, आणि हा बाबा तिला वळसा घालून जातो, जणू वाटेत कुत्रं मरून पडलंय. गल्ली विचारते, "दॉ खिन न्यो, जावई रुसला की काय?" मी म्हणते, "रुसायला तो काय नवरी आहे?"

सो पाईंग त्याचं नाव. मंडालेत तीनचाकी सायकल ओढतो. माझ्या थीडाशी लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझा मोहिंग्याचा हंडा पहाटे तोच बाजारात पोचवायचा. माशाचा रस्सा, काठोकाठ. पण थेंब कधी सांडला नाही. यंदा त्याचा गुडघा सुजायला लागला. चढाला दातओठ खाऊन पॅडल मारायचा, मागे बसून मला ऐकू यायचं. म्हणून कानातल्या कुड्या मोडल्या आणि स्कूटर घेतली. हंडा पुढे पायाशी राहील, चालवील तो, गुडघ्याला आराम. गाडी दारात आली तेव्हा मी इतकंच म्हटलं, "तुझ्या पायांनी माझा रस्सा गार होतो."

यात लागण्यासारखं काय होतं?

"मग तुम्हीच चालवा, अमे," तो म्हणाला. आईला म्हणतात तसंच मला अमे म्हणतो, रागातसुद्धा.

चालवली. या वयात शिकले. हँडलला फुलं बांधून देवळात नेली, वाटेच्या राखणदार नातदेवापुढे तीनदा पुढे-मागे करून तिच्याकडून नमस्कार करवून घेतला. तिसऱ्या नमस्काराला बंद पडली. पुजारी म्हणाला, "चीनहून आलीय, मावशी. वाकायची सवय नाही."

सवय कसलीच नव्हती तिला. हॉर्न बदकासारखा. आरसा चालता चालता मान टाकायचा. मी तो वर करायचे, आणि त्यात मागे लांबवर सो पाईंग दिसायचा, रिकामी सायकल घेऊन. गिऱ्हाईक शोधत असेल, मी म्हणायचे. मासेबाजाराच्या रस्त्याला पहाटे कसलं गिऱ्हाईक?

मग सीट उसवली. आतला स्पंज भुसभुसून बाहेर आला. माझी नेसायची एक जुनी लुंगी होती, अमरापूरच्या मागावरची, नक्षीची. ती फाडली, खोळ शिवली, सीटवर चढवली.

थीडा किंचाळली. "अमे! बाईची लुंगी? त्यांनी बसायचं कसं?"

आमच्याकडे पुरुषाचं तेज असतं उजव्या खांद्यात. बाईच्या लुंगीखालून गेला तरी ते उतरतं. जन्मभर मी माझ्या लुंग्या घरामागे, कमरेच्या खाली दोरी बांधून वाळवल्या. मला शिकवते!

"गाडी माझी, बूड माझं, लुंगी माझी," मी म्हटलं. "तो कुठे बसतोय?"

सो पाईंगने ते ऐकलं. जेवता जेवता उठला. दोन दिवसांनी थीडा भांडी घासताना रडली. "पौर्णिमा झाली की ते जेड दगडाच्या खाणीत जाणार. म्हणतात, घरात आता माझं काम काय?"

त्या खाणींत गेलेले मी पाहिलेत. शेजारचा गेला तो धडधाकट, आला तो नशेची सुई टोचून घेत. दुसरा आलाच नाही. माझी लेक पोटुशी आहे. पण त्याला काय बोलणार, जाऊ नकोस? मी?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. खाणीला न्यायची त्याची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. चढ संपला आणि स्कूटरच्या अंगात आलं. मूठ सोडली तरी वेग उतरेना. समोरून भिक्षेला निघालेले भिक्खू, रांगेत. हँडल वळवलं आणि हंड्यासकट गटारात.

रस्सा अर्धा गेला. चहावाल्याची गिऱ्हाइकं पेले घेऊन बघायला आली. "दॉ खिन न्यो, आज गटारात दुकान?"

"ये, तुझंच ताट वाढते," मी म्हटलं.

तेवढ्यात सायकल रस्त्यातच सोडून सो पाईंग आला. आधी मला वर काढलं, मग हंडा. गाडी चिखलात रुतलेली, नुसत्या हातांनी निघेना. त्याने लुंगी खोचली, खाली उतरला आणि खांदा लावायला वाकला. उजवा. त्या खोळीखाली. चहावाल्याचं अख्खं दुकान बघत होतं. कुणी हसत नव्हतं.

"थांब!" मी ओरडले.

टोपलीतली कांदे चिरायची सुरी काढली, गुडघ्यावर बसले आणि टाके कापले. खोळ ओढून काढली, घडी करून माझ्या ब्लाउजमध्ये कोंबली. सीट उघडीनागडी, स्पंज लोंबणारी.

"आता लाव."

गाडी निघाली. त्याने सायकलवरची पक्कड घेऊन अडकलेली तार सोडवली, किक मारली. हॉर्न आपोआप वाजला, बदकासारखा. मग फाटक्या सीटवर तो बसला, आणि अर्धा हंडा पायांत घेऊन वाट बघत राहिला. मी मागे बसले, एका बाजूला पाय सोडून.

बाजार दिसायला लागला तेव्हा त्याच्या पाठीला म्हटलं, "सो पाईंग, तू गर्विष्ठ आहेस. घरात एकाच माणसाच्या गर्वापुरती जागा होती, आणि ती माझी होती. आता मी सरकते. पिशवी सोड."