लाल जर्सी फाटली तेव्हा

सरावात लाल जर्सीवाल्याला कुणी धक्का लावायचा नाही, हा आमच्या अमेरिकन फुटबॉलचा धर्म. हातानं चेंडू फेकणारा एकच, तोच मोडला तर हंगाम बोंबलला. म्हणून केड लँड्री तीन वर्षं लाल जर्सीत मिरवला, आणि सामन्यांत त्याची पाठ मी राखली. तो उजव्या हाताचा. फेकायला वळला की डावीकडून कोण अंगावर येतंय ते त्याला दिसत नाही. ती बाजू माझी. त्यापायी माझी दोन बोटं कायमची वाकडी झालीत.

त्या एप्रिलात चेंडू घेऊन पळणारे आमचे दोन खंदे गडी आधीच दुसऱ्या कॉलेजांनी पळवले होते. मग एका सकाळी, आम्ही बूट घालत असताना, सगळ्यांचे फोन वाजले. केडही टेक्सासच्या कॉलेजात चालला होता. माझ्या आईच्या हातचं गंबोचं कालवण ओरपून वाढलेला हा पठ्ठ्या, आणि मला ही बातमी फोनवर वाचायला मिळाली.

"सांगणारच होतो रे, ओटिस."

"कधी? तिकडं पोचून पत्र टाकून?"

मैदानात कोच हॅस्केलनी त्याची लाल जर्सी गळ्याला धरून टरकावली. केडच्या मानेवर ओरखडा उठला, रक्त आलं.

"शंभर वर्षांच्या कॉलेजला लाथ मारतोस ना? मग एक चेंडू मर्दासारखा टाक आणि चालता हो," कोच म्हणाले. मग त्याची राखण करणाऱ्या आमच्याकडे वळले. "तुम्ही बाजूला व्हायचं. जो याला वाचवेल, त्यानंही आपलं बोचकं बांधायचं."

केड हसला. "घ्या, टाकतो की!"

माझं टाळकं सटकलं होतं. मोडू दे साल्याला, असंच माझ्या मनात होतं. समोर आमच्याच संघाचा जमार गिडरी, चेंडू फेकणाऱ्याला पाडणारा गडी, जमीन उकरत होता. त्याला तीन कॉलेजं बोलावत होती आणि यानं तिघांना ठेंगा दाखवलेला. 'मी इथंच खेळणार, इथंच मरणार,' म्हणायचा. केड सोडून चालल्याचा सगळ्यात जास्त संताप त्यालाच होता.

चेंडू मागे केडच्या हातात गेला. जमार डावीकडून सुटला, डोकं खाली घालून, थेट केडच्या मणक्यावर. त्या वेगानं बसला असता तर केड पुन्हा चालला नसता.

माझे पाय मला विचारायला थांबले नाहीत. मी सगळं अंग जमारच्या खांद्यावर घातलं. जळणाची काटकी मोडावी तसा आवाज आला. तो गुरासारखा हंबरला. त्याचं कोपर भलतीकडेच वळलं होतं आणि कातडीतून हाड बाहेर आलं होतं. मग बाकीचे माझ्यावर तुटून पडले. माझं हेल्मेट उडालं, कुणाचा तरी बूट तोंडावर बसला, दात पडला. मी हाताला येईल त्याला ठोकत होतो, रडतही होतो.

केडनं मागे वळून पाहिलं नव्हतं. त्याची नजर अजून लांब जाणाऱ्या चेंडूवर होती.

"कसला टाकला! बघितलास का, ओटिस?"

मग त्यानं हेल्मेट गवतावर टाकलं आणि गाडीकडे निघाला. कोचनी मला बोटानंच फाटक दाखवलं. मी रक्त थुंकत जमारपाशी गुडघ्यांवर बसलो. त्यानं दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली.

"मी राहिलो होतो रे," तो म्हणाला. "मी तर राहिलो होतो ना, ओटिस?"