छताखालचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या आरशासारखा मी भिंतीवर टांगलेला नव्हतो. मी जन्मभर उताणा पडून राहिलो, चार चाकांच्या एका बुटक्या गाड्यावर, छताकडे तोंड करून. एका चर्चचं छत लोकांना दाखवायचं एवढंच माझं काम होतं आणि ते मी शंभरावर वर्षं केलं. आता माझा शाळेच्या पाटीएवढा तुकडा शिल्लक आहे. तो कसा उरला ते सांगतो. गोष्ट माझी असली, तरी तिच्यातलं खरं दुःख माझ्या वाट्याला आलं नाही. ते एका बाईच्या वाट्याला आलं.

मोठ्या शहरात मोठी चर्चं असतात. त्यांचे मनोरे लांबून दिसतात, त्यांच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात. आमचं चर्च त्यातलं नव्हे. ते नदीकाठच्या गोदामांच्या रांगेत, दोरखंडाच्या एका वखारीला खांदा लावून उभं आहे. बाहेरून तेही गोदामच वाटतं. एकदा तर एक गाडीवान पोती उतरवायला थेट वेदीपर्यंत आला होता आणि मग टोपी काढून उलट्या पावली गेला.

ते बांधलं होड्या बांधणाऱ्या सुतारांनी. त्यांना दगडी कमानी येत नव्हत्या, होड्या येत होत्या. म्हणून त्यांनी हाताच्या सवयीनं एक भली मोठी होडी बांधली आणि उलटी करून भिंतींवर ठेवली. बाकदार लाकडी फासळ्या, फासळ्यांच्या मध्ये पट्ट्या, पट्ट्यांवर गिलावा. त्या गिलाव्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्यानं चित्र काढलं. निळं पाणी, त्यात होड्या आणि होड्यांमध्ये वस्तीतलीच माणसं. कोणी वल्हं मारतंय, कोणी जाळं ओढतंय, कोणी नुसतंच बसलंय.

चार वर्षं तो बांबूच्या परांचीवर पाठ टेकून रंगवत होता. काम संपलं आणि त्याची मान आखडली ती कायमचीच. चर्च उघडलं त्या दिवशी सगळी वस्ती वर बघून तोंडात बोटं घालत होती आणि ज्यानं ते केलं, तो जमिनीकडे बघत उभा होता. सुतारांना ते बघवेना. रंगाऱ्याचा मेव्हणा काचेच्या कारखान्यात होता. त्यानं मला ओतलं, घासलं, पाठीला पारा चढवला. सुतारांनी गाडा केला. रंगारी माझ्यावर वाकला. त्यानं आपलं छत खालून कसं दिसतं ते माझ्यात पहिल्यांदा पाहिलं. "निळा जरा जास्तच झालाय," असं म्हणून तो रडायला लागला.

तेव्हापासून मी कामाला लागलो. जमिनीत चार पितळी खिळे ठोकलेले होते, माझी चाकं नेमकी त्यांच्यावर यायची. आणि मित्रांनो, एक गंमत सांगतो. शंभर वर्षांत असा एकही माणूस मी पाहिला नाही, ज्यानं माझ्यात आधी छत पाहिलं. आधी स्वतःचं तोंड, मग केस, मग कॉलर आणि मग छत. फादरसुद्धा, कोणते ते सांगत नाही.

पुढे दिवस बदलले. होड्या लोखंडाच्या झाल्या, सुतार गेले, वस्ती उठली. रविवारी बाकांवर सात-आठ डोकी दिसू लागली. छताला विजेचे तीन दिवे टांगले, त्यांच्या उजेडात वर बघितलं की डोळे दिपायचे. चित्र नीट दिसायचं ते फक्त माझ्यात. पण माझ्यात बघायला येतंय कोण?

एक माणूस यायचा. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. शहराच्या इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ते दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माणसं जमवत आणि शहरातली कोणी न विचारलेली पाच चर्चं दाखवत. त्यांच्याच तोंडून मी बाकीच्या चौघांची ओळख करून घेतली. एकाच्या भोवतीचा रस्ता भराव घालून घालून इतका वर आलाय, की आत जायला सात पायऱ्या उतराव्या लागतात. एकाला मनोराच नाही, त्याची घंटा शेजारच्या घराच्या भिंतीत टांगलेली आहे. एक गोल आहे आणि त्याचा मधला खांब मधोमध नाही. एक टपाल कचेरीच्या मागे असं लपलंय, की पोस्टमनलासुद्धा ठाऊक नाही. पाचवं आमचं. चारही ठिकाणी काका लोकांना सांगत, "तोंड मिटून वर बघा, जुनी धूळ आहे." आमच्याकडे आले की म्हणत, "इथं मात्र वर बघायचं नाही हं, खाली बघायचं!" लोक हसत आणि माझ्यावर वाकत.

मला खरं सांभाळलं ते किल्लीवाल्या मावशीनं. नवरा गेल्यावर ती चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि सत्तावीस वर्षं तिनं ते चर्च उघडलं, झाडलं, बंद केलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं ती मला पुसायची आणि पुसता पुसता छतातल्या माणसांशी गप्पा मारायची. "हा लाल टोपीवाला बघ, हुबेहूब आमचे धाकटे भावजी. काम सोडून इकडं तिकडं बघायचं नुसतं."

मग नदीवर नवा पूल व्हायला लागला. दिवसभर खांब ठोकण्याचे दणके बसायचे आणि जड गाड्या दाराला घासून जायच्या. एका सकाळी तिसऱ्या आणि चौथ्या फासळीच्या मध्ये, निळ्या पाण्यात, मला केसाएवढी एक रेघ दिसली. मला वाटलं, कोळ्याचं जाळं असेल. मावशीलाही तेच वाटलं. तिनं मला तीनदा पुसलं, रेघ जाईना. महिन्यानं ती बोटभर लांबली, आणखी महिन्यानं वीतभर.

आणि एका शनिवारी काका माझ्यावर वाकले. "हे काय?" त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. काकांनी चष्मा सारखा केला. "चरा वरून नाही, पाठीमागून गेलाय. पारा खरवडलाय. फरशी धुताना गाडा आडवा केला असणार कोणीतरी."

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या.

"मी गाडा कधी आडवा केला नाही, काका."

"मग आपोआप झालं का हे?"

"ते मला ठाऊक नाही. पण माझ्या हातून झालं असतं तर मीच येऊन सांगितलं असतं."

"अहो मावशी, मी चाळीस वर्षं इमारती बघतोय," काका म्हणाले. त्यापुढं कोण काय बोलणार? काका वाईट नव्हते हो. ते वाईट असते तर लोकांनी त्यांचं ऐकलंच नसतं. माझी पाठ फळीनं खिळलेली होती, ती उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही. मान वर करायचं तर कोणालाच सुचलं नाही.

माझा जीव तीळतीळ तुटत होता. मित्रांनो, जे समोर आहे ते दाखवण्यापलीकडे मला काही येत नाही. मी ते दाखवतही होतो. रेघ माझ्यात नव्हती, त्या सगळ्यांच्या डोक्यावर होती. पण मला तोंड कुठं होतं?

फादर नवे होते, तरुण होते, स्वभावानं मऊ होते. त्यांनी मऊ शब्दांतच सांगितलं, "मावशी, आता तुमचंही वय झालं. आराम करा. पुढच्या महिन्यापासून साफसफाईला माणसं येतील." म्हणजे किल्ल्या गेल्या आणि किल्ल्यांबरोबर त्या दोन खोल्याही गेल्या. मावशी "बरं" एवढंच म्हणाली. त्या रात्रीपासून तिचं छतातल्या माणसांशी बोलणं बंद झालं. मला पुसताना एकदा ती स्वतःशी पुटपुटली, "माझ्याच हातून झालं असेल का? आणि मला आठवत नसेल?" ते ऐकून मला जितकं वाईट वाटलं, तितकं नंतर फुटतानाही वाटलं नाही.

मला मागच्या अडगळीच्या खोलीत ढकललं आणि वर घोंगडी टाकली. आरशाचं काम संपलं.

मावशीच्या जाण्याचा दिवस नेमका पहिला शनिवार होता. दुपारी तिनं ट्रंक बांधली, बहिणीकडे निरोप धाडला आणि फडकं घेऊन माझ्याकडे आली. जाताना एकदा पुसून जावं म्हणून. घोंगडी काढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला.

माझ्यात त्या खोलीचं पांढरं छत दिसत होतं. त्यावर एक माशी होती. रेघ नव्हती.

मावशी खाली वाकली. गाडा खिडकीकडे वळवला, पुन्हा वाकली. "चरा कुठं गेला?" ती म्हणाली. खोलीत कोणी नव्हतं. मग तिची नजर चर्चच्या दाराकडे वळताना मी पाहिलं. अगदी जवळून पाहिलं. पुढच्या क्षणी तिनं गाड्याचा दांडा धरला.

चर्चमध्ये काकांच्या फेरीची तीस-पस्तीस माणसं मधल्या बाकांवर टेकली होती. काका उभे राहून होड्यांच्या सुतारांची माहिती देत होते. चाकं करकरवत मावशी मला बाकांच्या मधून घेऊन आली.

"मावशी, आत्ता नको. नंतर," काका म्हणाले.

ती थांबली नाही. तिनं मला पितळी खिळ्यांवर आणलं. निळ्या पाण्यात रेघ उमटली. तिनं गाडा हातभर पुढे लोटला. रेघ काचेवरून मागे सरकली. गाडा मागे ओढला, रेघ पुढे आली. काका बघत होते. चाळीस वर्षं मोजमापं घेतलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"काका," मावशी म्हणाली, "त्याच्यात नका बघू. वर बघा."

काकांनी दिव्याच्या आड टोपी धरली आणि मान वर केली. फट बोटभर रुंद झाली होती. तिच्या शेजारचा गिलावा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फुगून खाली आला होता. काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळे उठा. धावू नका, बोलू नका. भिंतीच्या कडेकडेनं बाहेर."

बाजूचं दार मावशीनं उघडलं. शेवटची म्हातारी तिचा हात धरून बाहेर पडली. मी मात्र तिथंच राहिलो. माझी आठवण कोणाला येणार, आणि यायलाही नको होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन फासळ्यांमधलं सगळं छत खाली आलं. पोत्यांची थप्पी कोसळावी तसा आवाज झाला. बाकांचा चुरा झाला, माझाही झाला. माझा एक कोपरा तेवढा बाकाच्या पायाशी सापडला. तो मावशीनंच उचलला. ती आपली ट्रंक न्यायला आली होती. माणूस एकही दुखावला नव्हता.

मी तिच्या हातातच होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. फादर आणि काका अंगणात आले. फादरांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "मावशी, आमची चूक झाली. घ्या ह्या. तुम्ही इथंच राहा."

मावशीनं किल्ल्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. 'मावशी, हे कशानं झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?' एवढंच. तुम्ही विचारलं असतंत तर मी वर बघितलं असतं. तुम्ही विचारलं नाही, आणि मीही स्वतःलाच खोटी समजायला लागले."

किल्ल्या तिनं घेतल्या नाहीत. माझा तुकडा काकांच्या हातात ठेवला, ट्रंक उचलली आणि ती बहिणीकडे गेली.

चर्च दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागली. फासळ्या बळकट केल्या, नवा गिलावा चढवला. पण तेवढा भाग पांढराच ठेवला आहे. तिथली माणसं कशी होती, हे सांगणारं एकही नीट चित्र कोणाकडे निघालं नाही. माझा तुकडा दाराजवळ एका लाकडी तिवईवर बसवला आहे.

काका आता थकलेत, पण फेरी सोडलेली नाही. आमच्या चर्चमध्ये आले की ते सुतारांच्याही आधी दुसरीच गोष्ट सांगतात. "इथं मी एक चूक केली. ज्या बाईनं हे छत माझ्यापेक्षा हजारपट वेळा पाहिलं होतं, तिला मी तुमच्यासारख्याच लोकांसमोर खोटं ठरवलं." पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते तिथंच अडले आणि टोपी हातात फिरवत राहिले. मंडळी अवघडून उभी राहिली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, पुढचं सांगा. लोकं ताटकळलीत."

मावशी होती. बहिणीला घेऊन आली होती, फेरीतल्या चार माणसांसारखी. काकांनी चष्मा काढून पुसला आणि त्या पांढऱ्या जागेकडे बोट केलं. "पुढचं मला येत नाही, मावशी. तिथं कोण कोण होतं?"

मावशी गर्दीतून पुढं आली. मान वर करून, थांबत थांबत, तिनं एकेकाला जागेवर बसवलं. दोघे भाऊ एका होडीत, त्यातला एक झोपलेला. एक बाई पाण्यात हात घालून बसलेली. एक म्हातारा, त्याच्या जाळ्यात काहीच नव्हतं. तीस माणसं त्या कोऱ्या गिलाव्याकडे बघत होती आणि एकानंही माझ्याकडे वाकून पाहिलं नाही. मित्रांनो, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्याही शहरात गोदामासारखं दिसणारं, कोणी न विचारलेलं एखादं जुनं चर्च असेल. दार उघडं असलं तर आत जा. भिंतींना हात लावून बघा, छताकडे बघा. आणि तिथं कोणी फरशी पुसत असेल, तर तिच्या ओल्या फरशीवरून घाईनं निघून जाऊ नका. "मावशी, इथं हल्ली काही बदललंय का?" असं तिला विचारा आणि तिचं सांगून होईपर्यंत थांबा.