चाळीस मिनिटांचं संगीत

संगीत ही माणसाच्या आत्म्याची भाषा आहे. ती आतून यावी लागते, बाहेरून आणता येत नाही. चष्मेवाल्यांच्या बाबतीत ती सभागृहाच्या सूचनाफलकावरून आली.

चष्मेवाल्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता त्या वस्तीच्या सभागृहात ज्येष्ठांचा व्यायामवर्ग घ्यायच्या. अकरा वर्षं वर्ग चालू होता. जुनी गाणी लावायची आणि त्यावर हातपाय हलवायचे, असा साधा मामला. चोवीस जण नियमित यायचे. त्यांतले दोघे तर डॉक्टरांनी येऊ नका सांगितलेले होते.

एके दिवशी फलकावर कागद लागला. यापुढे सभागृहात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत वाजवता येणार नाही. स्वतःचं असेल, तर रचनाकाराच्या सहीनिशी अर्ज करावा. व्यवस्थापक प्रत्यक्ष ऐकून निर्णय देतील. मुदत सहा आठवडे. ज्या वर्गांची सोय होणार नाही, त्यांची वेळ टेबल टेनिसवाल्यांना देण्यात येईल. टेबल टेनिसवाले त्याच संध्याकाळी येऊन टेबल कुठे मावेल ते मोजून गेले.

"गाण्यांशिवाय घे ना वर्ग," चष्मेवाले जेवताना म्हणाले. "तोंडाने मोज. एक, दोन, तीन, चार."

"चाळीस मिनिटं? अहो, माझा घसा आहे की भोंगा?"

"मग मी करतो."

"काय, मोजणार?"

"संगीत करतो. संगणकावर. हल्ली घरबसल्या होतं."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाच गुणगुणला होता, आणि तेव्हा बाईंनी उठून नळ तपासला होता.

"जावईबापू गाणार आहेत?" सासूबाईंनी विचारलं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या, लेकीकडे राहायच्या आणि वर्गात पहिल्या रांगेत उभ्या असायच्या. कानातलं यंत्र त्या आपल्या मर्जीने काढत-घालत.

"गाणार नाहीत, आई. संगणक गाणार आहे."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि यंत्र काढून ठेवलं.

चष्मेवाल्यांचा आत्मविश्वास अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्यांनी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. त्यात गायचं नव्हतं, वाजवायचं नव्हतं. नुसते चौकोन भरायचे होते. चौकोन भरला की तिथे आवाज होई, रिकामा ठेवला की होत नसे. उजवा डोळा, डावा डोळा, जवळचा नंबर, लांबचा नंबर, असे चौकोन भरण्यातच त्यांची हयात गेली होती. फरक इतकाच, की इथे चुकलं तर कुणी रस्ता ओलांडताना धडपडणार नव्हतं.

दुकान दुपारी एक ते चार बंद असे. पूर्वी या वेळेत चष्मेवाले झोपत. आता ते मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, स्क्रूंच्या डबीला आणि चष्म्याच्या दांड्यांना बाजूला सारून लॅपटॉप मांडत आणि कानांना हेडफोन लावून बसत. गुरू होता एक दाढीवाला. तो व्हिडिओत यायचा आणि प्रत्येक वाक्याआधी हसायचा. "आधी ठोका पक्का करा," असं त्याचं पहिलं वचन होतं.

ठोका म्हणजे तो खालचा धप् आवाज, ज्यावर बाकीचं सगळं उभं राहतं. प्रोग्रॅममध्ये तयार ठोके चारशे होते. पण फलकावर 'स्वतःचं' असं लिहिलेलं होतं, आणि चष्मेवाले लिहिलेलं वाचणारे होते. त्यांनी रविवारी दिवाणखान्यात मोठी सुटकेस रिकामी करून तिच्यावर उशी आपटली. कधी पट्टे लावून, कधी पट्टे सोडून. सदतिसावी आपट पसंत पडली. टाळीच्या आवाजासाठी चष्म्याचं घर 'टप्' करून मिटलं. मागे एक घरघर हवी होती, ती भिंग घासायच्या यंत्राने दिली. उशी आपटणं चालू असताना सासूबाई दारातून पाहत होत्या.

"कुठे गावाला निघालात का?"

"नाही, आई. संगीत चाललंय."

"असू दे, असू दे. जपून जा."

तीन आठवड्यांत आठ आवर्तनं झाली. ठोका, टाळी, घरघर, वर एक बासरीसारखं काहीतरी आणि त्याच्याही वर घंटा. चष्मेवाल्यांनी बाईंना दुकानात बोलावून, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. बाई ऐकू लागल्या. चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. मग संगीतच थांबलं.

"पुढे?"

"पुढे काय? एवढंच झालंय."

"किती आहे हे?"

"अठरा सेकंद."

बाई हिशेबाला चोख होत्या. "तीन आठवड्यांत अठरा सेकंद. मला हवीत चाळीस मिनिटं. म्हणजे..." त्यांनी बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "साडेसात वर्षं."

"साडेसाती म्हणतात तिला," चष्मेवाले म्हणाले. त्यांना विनोद सुचला की ते स्वतः हसत नसत; बाईही हसत नसत, त्यामुळे संसार सुरळीत चालला होता.

"आणि एवढं जलद का ठेवलंय? सत्तरीच्या माणसांना पळवायचंय कुठे?"

"दाढीवाला म्हणतो, नाचायला मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके लागतात."

"त्या दाढीवाल्याला गुडघे बदललेली माणसं दाखवा एकदा."

बरीच घासाघीस होऊन एकशे चारवर तह झाला.

शेवटी दाढीवाल्यानेच तारलं. तेच आठ तुकडे पुढे चिकटवत जायचे आणि दर वेळी थोडं काहीतरी बदलायचं, हे त्याचं दुसरं वचन. चष्मेवाले बदलू लागले. बदलायची चटक लागली. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस चाळीस मिनिटं भरली, आणि आवाजांच्या तेवीस ओळी एकावर एक रचल्या गेल्या. त्यांत एक ओळ सासूबाईंच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणाची होती. एक बाईंच्याच खोल श्वासाची होती, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

आता राहिलं होतं प्रत्येक आवाज किती मोठा, किती बारीक ठेवायचा ते. इथे चष्मेवाल्यांनी दाढीवाल्याला सोडून धंद्याची रीत धरली. डोळे तपासताना ते एक भिंग लावत, मग दुसरं, आणि विचारत, "पहिलं बरं की दुसरं?" त्यांनी आवाजाचंही तेच केलं. सासूबाईंना बसवलं, यंत्र घालायला लावलं.

"आई, नीट ऐका हं. हे पहिलं... आणि हे दुसरं. कुठलं बरं?"

"दोन्हींत कुणीतरी कपाट हलवतंय."

"तो ठोका आहे."

"मग सांगा त्याला, उचलून हलव म्हणावं. फरशीला ओरखडे पडतात."

घरातून न्याय मिळेना, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना गाठलं. डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम आणि कानांवर हेडफोन अशा थाटात माणसं समोरच्या अक्षरांकडे बघत बसू लागली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी 'दुसरं' म्हटलं ते घंटेबद्दल. चष्मेवाल्यांनी लिहिलं ते डाव्या डोळ्यासाठी. चार दिवसांनी मुख्याध्यापक परत आले.

"अहो, या चष्म्यातून जिन्याची पायरी मला दोनदा दिसते."

"आणि घंटा? घंटा कशी वाटली होती?"

"घंटा उत्तम होती. पायरीचं बघा."

मुख्याध्यापक बाईंच्या वर्गातले होते, म्हणून प्रकरण घरात राहिलं. चष्मा बदलून दिला. घंटा तशीच ठेवली.

अर्ज बाईंनी आणला. 'रचनाकाराची सही' अशी जागा होती. चष्मेवाल्यांनी रद्दी कागदावर चार वेळा सराव केला. ती सही भिंगांच्या पावतीवरच्या सहीसारखी दिसता कामा नये, असं त्यांना वाटत होतं. "ऐकून पसंत पडल्यावर करायची आहे," बाई म्हणाल्या. "एवढ्यात नका करू पेनाशी झोंबी."

परीक्षेच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, त्यांनी शेवटचा हात फिरवायला घेतला. ठोका अजून किंचित बोथट वाटत होता. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळीपुढे एक बटण असतं. ते दाबलं की बाकीच्या ओळी गप्प बसतात आणि ती एकटीच ऐकू येते. चष्मेवाल्यांनी ठोक्याचं बटण दाबलं. तासभर खपून त्याला धार आणली. आता तो असा गोल, भरीव, पोटात वाजणारा झाला, की त्यांचे डोळे पाणावले. त्याच भरात त्यांनी सगळ्याची फाइल बनवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि चार वाजता शटर वर केलं. पुन्हा ऐकली नाही. आपल्या लेकराची ओळख कुणी रोज विचारतं का?

मंगळवारी सकाळी दुकानावर 'आज अकराला उघडेल' अशी पाटी होती. चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहात भिंतीशी उभे राहिले. चोवीस जण आपापल्या जागी. व्यवस्थापक खुर्चीत, मांडीवर अर्ज. दारात टेबल टेनिसवाल्यांचा एक प्रतिनिधी, सहज आल्यासारखा.

बाईंनी पेनड्राइव्ह लावला.

धप्. धप्. धप्. धप्.

"प्रस्तावना असेल," मुख्याध्यापक शेजारच्याला म्हणाले.

धप्. धप्. धप्. धप्.

चष्मेवाले स्पीकरकडे धावले. वायर काढून लावली, लावून काढली. बासरी आली नाही. घंटा आली नाही. झाकणसुद्धा आलं नाही. मग एकदम त्यांना ते बटण आठवलं. ते अजून दाबलेलंच होतं, आणि लॅपटॉप दुकानात शटरआड होता. बावीस ओळी तिथेच गप्प बसलेल्या होत्या.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सव्वीस वर्षं होती. मग बाई वर्गाकडे वळल्या आणि दोन्ही हात वर केले.

"चला. ठोक्याला एक. हात वर!"

आणि चोवीस जणांचे हात एकदम वर गेले.

अकरा वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. गाणी होती तेव्हा निम्मे जण शब्द आठवत उभे राहायचे, दोघे गायिकेवरून भांडायचे, आणि एका विशिष्ट गाण्याला मागच्या रांगेतल्या आजी हमखास रडायच्या. मग त्यांना पाणी आणून देण्यात पाठीचा व्यायाम राहून जायचा. आज रडण्यासारखं काही नव्हतं. उजवा पाय, डावा पाय. धप्, धप्. सासूबाईंनी यंत्र घातलंच नव्हतं, तरी त्या बिनचूक होत्या.

"ऐकू येतंय का, आई?" बाईंनी खुणेने विचारलं.

"तळपायातून येतंय!" सासूबाई सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

चाळीस मिनिटांनी ठोका थांबला. माणसं घामेजली होती आणि आपल्यावरच खूश होती. चष्मेवाले पुढे झाले.

"माफ करा. माझी चूक झाली. खरं संगीत याच्याहून पुष्कळ मोठं आहे. गुरुवारी ऐकवतो."

"गुरुवारी मी आहेच," व्यवस्थापक म्हणाले आणि पेनला टोपण लावलं. टेबल टेनिसवाल्याने मान डोलावली.

वर्ग आटोपून बाई घरी आल्या. दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "गुरुवारी गडबड झाली तर गेलाच वर्ग. हेच वाजवू या का?"

"हेच? अगं, ही नुसती सुटकेस आहे!"

बाईंनी सुस्कारा सोडला. सहा आठवड्यांच्या दुपारच्या झोपा त्या माणसाने यात घातल्या होत्या. त्याला नाही म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

गुरुवारी तेवीसच्या तेवीस ओळी वाजल्या. चष्मेवाल्यांनी फाइल आधी दोनदा तपासली होती. सुरुवात छान झाली. दुसऱ्या मिनिटाला बासरी आली आणि मागच्या आजी ऐकत उभ्या राहिल्या. चौथ्या मिनिटाला घंटा वाजली, तेव्हा दोघांनी दाराकडे पाहिलं आणि एकाने खिशातला फोन काढला. सहाव्या मिनिटाला, सगळे हात वर करून पुढे चालत असताना, तो खोल श्वास आला. बाईंनी चपापून नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेने मात्र श्वास सोडायची सूचना समजून जागीच थांबून श्वास सोडला, आणि मागची रांग पुढच्या रांगेवर जाऊन आदळली.

"थांबा, थांबा!" मुख्याध्यापक ओरडले. ते वळून वर्गाला सामोरे उभे राहिले. "परवाचं ज्यांना हवंय त्यांनी हात वर करा!"

हात सगळ्यांचे आधीपासूनच वर होते. ते कुणी खाली घेतले नाहीत.

"पण बासरी वाईट आहे का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बासरी चांगलीच आहे हो," मागच्या आजी मायेने म्हणाल्या. "म्हणूनच तर व्यायाम होत नाही."

"जावईबापू, कपाटच लावा," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या खिशात मंगळवारचा पेनड्राइव्ह होता. का होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लावला. धप्, धप्, धप्, धप्. रांगा सरळ झाल्या. टेबल टेनिसवाला दारातच नकळत उजवा पाय उचलू लागला आणि लक्षात आल्यावर निघून गेला.

वर्ग संपल्यावर चष्मेवाले व्यवस्थापकांच्या खुर्चीपाशी गेले. पेन त्यांनी घरून आणलं होतं.

"सही कुठे करू?"

"कशाची?"

"रचनाकाराची."

व्यवस्थापकांनी अर्ज वर-खाली पाहिला. तो नियम, ते म्हणाले, संगीताला आहे. मग 'वर्गात संगीत वाजवले जाते का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि वर्षभराची परवानगी दिली.