उसनं भरलं घर

राजशेखरचा उसना सोफा शेषेरावच्या दारात अडकला आणि तिथंच नवरा-बायकोचं वाजलं. सोफा आडवा घालावा की उभा, एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण बघता बघता शेषेरावच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन पोचलं. सोफ्याखाली चार गडी वाकलेले, दार जेमतेम अडीच फुटांचं, आणि तारामती आतून हुकूम सोडत होती. हदगावच्या बाजूच्या त्या टाकळीत तारामतीच्या जिभेला भिणारे कमी नव्हते. पण त्या रविवारी तीच मुळापासून भ्यालेली होती. भ्यालेलं माणूस जास्त ओरडतं, हे शेषेरावला तेवीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

"अगं, लोकं आपल्याला बघायला येऊन राहिलेत, सोफ्याला न्हाई," तो म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा. तुमाला बघून आजवर कुनी काय दिलंय?"

गडी हसले. शेषेरावही हसला, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन एकर कोरडवाहू रान, तेही मुरमाड. सोयाबीन पेरायचं आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात घालवायचे, असा त्याचा जन्म चालला होता. शेवटी सोफा उभा केला, चौकटीचा रंग खरवडत तो एकदाचा आत आला आणि निम्मं घर त्यानंच खाल्लं.

भीती होती ती ऋतुजापायी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीपायी. पोरगी नांदेडला बी.एस्सी. झाली होती, तीही कुणाचा छदाम डोक्यावर न घेता. सरकारी शिष्यवृत्ती होती, आणि 'कमवा आणि शिका'मध्ये ती सकाळी कॉलेजच्या बागेला पाणी घालायची, दुपारी ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर लावायची. आता विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला. पण फी, वसतिगृह, मेस असं दोन वर्षांचं धरलं तर ते बागेला पाणी घालून निघणारं नव्हतं. बँकवाला कर्ज द्यायला तयार होता. ऋतुजानं साफ नाही म्हटलं. डोक्यावर हप्ता घेऊन अभ्यासात डोकं चालत नाही, असं तिचं म्हणणं. तारामतीचा भाऊ पंढरी तर वेगळाच तोडगा घेऊन बसला होता. उमरीचा एक पोरगा होता, घरचा ट्रॅक्टर होता, आणि त्याच्या मते पोरगी शिकली तेवढी बास होती. बुधवारी फी भरली नाही तर सीट जाणार, आणि सीट गेली की पंढरी पाहुणे घेऊन येणार, हे तारामतीला दिसत होतं.

लातूरची एक संस्था गरिबाच्या हुशार पोरांना फी द्यायची. परत मागायची नाही, पण देण्याआधी दोन माणसं घरी येऊन बघून जायची. ऋतुजानं फोनवर सांगितलं होतं की रविवारी ती माणसं येतील, मीही अकराच्या बसनं पोचते, तू काही करू नकोस, रोजच्यासारखं राहा.

काही करू नको म्हटल्यावर तारामतीच्या जिवाला घोर लागला. तीन दिवस ती खुरपणीला गेली, पण ध्यान रानात नव्हतं. तण सोडून सोयाबीनच उपटलं म्हणून मालकिणीची बोलणी खाल्ली. तिला एकच गोष्ट ठाऊक होती. परकी माणसं घर बघायला येतात ती सोयरिकीला, आणि तेव्हा घर भरलेलं दिसलं पाहिजे. तिच्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका म्हातारीनं कणगीचं झाकण उचललं होतं. आत तळ दिसला. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले ते परत आलेच नाहीत.

"रिकाम्या घरात कोन पैका टाकील?" तिनं शेषेरावला विचारलं होतं. "पेरनारा भुई बघूनच पेरतो."

साऱ्या गल्लीला हे पटलं, कारण सोयरिकीला सामान उसनं द्यायची तिथं रीतच होती. गाद्या भरणाऱ्या अमीरबीनं तर तिच्या रियाज नावाच्या लेकानं नांदेडहून पाठवलेला फ्रीज दिला. खताच्या दुकानवाल्या राजशेखरनं सोफा दिला, समोरच्या सिंधुनं स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून दिली. तारामतीनं ती घातली तेव्हा तिला जरा धीर आला.

पाहुण्यांची जीप साडेदहालाच आली. ऋतुजाच्या बसला अजून वेळ होता. उतरले ते मडिवाळप्पा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, अगदी हळू बोलणारे. सोबत जेबा नावाची तरणी पोरगी, हातात फॉर्म आणि पेन. दोघं सोफ्यावर बसले. शेषेराव भिंतीला टेकून उभा राहिला, पाहुण्याच्या घरी आल्यासारखा.

गुरुजी विचारत गेले आणि जेबा लिहीत गेली. फ्रीज तुमचाच का? हाव. सोफा? हाव, मागच्या दिवाळीला घेतला. गळ्यातलं सोन्याचं? तारामती म्हणाली, सोन्याचंच की, आमच्यात खोटं घालत न्हाईत. रान किती, असं विचारल्यावर तिनं शेषेरावला बोलू दिलं नाही आणि दोनाचे पाच एकर करून टाकले. बोलता बोलता तिला मजा यायला लागली. बहिणीची सोयरीक मोडणारी ती म्हातारी आज असती तर तिला सगळी झाकणं उघडून दाखवली असती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग गुरुजींनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. "घर सुखी आहे बाई. बघून बरं वाटलं. निघतो आम्ही."

"मंग पैशाचं?" तारामतीनं विचारलं.

गुरुजींनी समजावून सांगितलं. सोळा पोरांचे अर्ज होते आणि पैसा पाच जणांपुरता. ज्यांच्या घरी दोन वेळची पंचाईत, त्यांना आधी. "तुमच्या लेकीला तुम्हीच शिकवाल. देवानं तुम्हाला कमी केलेलं नाही."

तारामतीनं शेषेरावकडं बघितलं. खरं सांगावं तर आपण खोटारडे ठरतो, आणि खोटारड्याच्या पोरीला कोण पैसे देतो? गप्प बसावं तर उमरीचा ट्रॅक्टर दारात येतो. ती नुसत्याच कपबशा गोळा करू लागली.

खिडकीशी गल्लीतल्या बाया कान देऊन उभ्याच होत्या. पैसा हातचा जातोय हे ऐकून त्यातली अमीरबी आधी हलली. दारात येऊन म्हणाली, "तारामती, माझा फ्रीज न्यायला आले बाई. घरी दूध नासून राहिलं." तिच्या मागून सिंधु आली आणि तिनं नुसता हात पुढं केला. तारामती बोरमाळेची गाठ सोडायला गेली, पण ती घट्ट बसली होती, शेवटी सिंधुनंच सोडवली. तेवढ्यात बायांनी बोलावलेले राजशेखरचे गडी आले. जेबाला उठावं लागलं, गुरुजींना उठावं लागलं. गड्यांनी सोफा उचलला, घाईत तिरपा घातला, आणि तो दारात असा बसला की ना आत ना बाहेर. पाहुणे आत कोंडले गेले. शेषेरावनं डोळे मिटून घेतले.

बस लवकर आली होती. सोफ्याच्या पलीकडं, अंगणात, ऋतुजा पाठीवर बॅग घेऊन उभी होती. आईचं तोंड बघून तिला सगळं कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून तारामतीची जीभ सुटली.

"गुरुजी, ह्यातलं माझं काहीच न्हाई. रान दोनच एकर हाय. तुमी घर बघायला येनार म्हनून मला लई भ्या वाटलं. गरिबी दावून कुनाचं भलं झालेलं मी बघितलं न्हाई. खोटं मी बोलले, पोरीनं न्हाई. तिनं तर काही करू नको म्हनलं व्हतं. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा."

गुरुजी म्हणाले की खोटी माहिती दिली, हे लिहावंच लागतं, नियम तसा आहे.

जेबा खाली बघत म्हणाली, "सर, सात वर्षांखाली माझ्या फीसाठी तुम्ही आमच्या घरी आला होता ना. तो पलंग मामूचा होता, उसना."

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं आणि भरलेला फॉर्म बाजूला ठेवायला सांगितलं. तिनं नवा कोरा फॉर्म काढला. ह्या वेळी उत्तरं शेषेरावनं दिली आणि पाच मिनिटांत संपली. सही घेताना गुरुजींनी बजावलं की दरसाल आम्ही येतो, न कळवता येतो. घर वर आलेलं दिसलं तर पैसा पुढच्या पोराला जातो. तारामतीनं मान हलवली. गड्यांनी चौकटीची एक फळी उचकटली तेव्हा कुठं पाहुणे बाहेर पडले.

मंगळवारी निरोप आला. पैसे थेट विद्यापीठात भरले गेले, बुधवारी ऋतुजाचा प्रवेश झाला. अमीरबीनं गल्लीत साखर वाटली. पंढरी उमरीचं नाव काढेनासा झाला.

तारामतीची भीती मात्र गेली नाही, तिनं फक्त कूस बदलली. रस्त्यावर जीप वाजली की ती दारात येऊन घरभर नजर फिरवायची. पंढरीनं राखीला नवी साडी आणली, ती तिनं सिंधुकडं ठेवायला दिली. गळका पत्रा बदलू म्हणून शेषेराव मागं लागला, तर म्हणाली, गळू द्या, दोन वर्षं घराला हात लावायचा न्हाई. एकेकाळी अब्रू जपली तशी ती आता गरिबी जपू लागली.

आणि त्याच साली सोयाबीन आलं. पाऊस मोजून मापून पडला, कीड फिरकली नाही, मुरमाड रानात शेंगांचा खच लागला. दसऱ्याच्या आधी शेषेराव तिला मुद्दाम रानात घेऊन गेला. त्यानं एक झाड उपटून तिच्या हातात दिलं. असं पीक त्यानं आपल्या रानात कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. दोन एकरांत कुणी सावकार होत नाही, हे तारामतीलाही कळत होतं. पण भीतीला हिशेब येत नाही. तिनं आधी रस्त्याकडं बघितलं.

"बोल की काहीतरी," शेषेराव म्हणाला.

ती बांधावर बसली. मूठभर माती उचलून तिनं कपाळाला लावली, आणि शेजारच्या रानातल्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाली, "दोन वर्षं जरा बेतानं पिक गं माय."