पाच टक्के म्हणजे नापास

"आधी नळाखाली तोंड धर, मग बोल!" मी बाथरूमच्या दारातून ओरडले.

ताईचा चेहरा भाजल्यासारखा लालभडक झाला होता, गालांवरची कातडी सुटायला लागली होती, आणि ती मलाच विचारत होती, "म्हणजे लागू पडतंय ना?"

मी कपाळावर हात मारला. बेसिनवरची बाटली उचलून वाचली. ग्लायकोलिक ॲसिड, तीस टक्के. काही मिनिटांत धुवून टाकायचं, तेही जाणत्याच्या हातून. बाईसाहेब रात्रभर लावून झोपल्या होत्या.

"मी तुला पाच टक्क्यांचं दिलं होतं ना?"

"पाच टक्के म्हणजे नापासच की गं," ताई पाण्याखालून पुटपुटली. "पस्तीसच्या खाली कोण पास करतं? हे निदान काठाजवळ तरी आहे."

औषधांच्या दुकानात इतकी वर्षं उभी आहे, रोज कोणी ना कोणी येतंच. 'मॅडम, त्यातलं जास्त टक्केवालं द्या.' घसा कोरडा होईपर्यंत सांगते, अहो, हे परीक्षेचे मार्क नव्हेत. शंभर भागांत औषध किती, एवढंच ते. आधी कमी लावा, त्वचेला सोसलं तर पुढचं बघू. लोक मान डोलावतात आणि पलीकडच्या दुकानातून दुप्पट कडक घेऊन जातात. परक्यांचं सोडा, इथे घरातच पालथ्या घड्यावर पाणी!

"भाजीत सहापट मीठ घालतेस का, सहापट चव यावी म्हणून?"

"तुला काय कळणार? घरात टक्के कायम तुझेच जास्त होते."

चोर तो चोर, वर शिरजोर! पण तिचा आवाज फाटला होता, म्हणून नळ बंद करून टॉवेल घेतला.

ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, समोर जरा टवटवीत चेहरा हवा, एक मुलगी बघितलीय. आज ते ठरवणार होते. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

मी तिचा चेहरा हलक्या हाताने टिपला, वर नुसतं व्हॅसलिन लावलं. "आज रजा टाक. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ."

"दवाखान्यातून घरी येताना जाऊ. आज नाही गेले तर खुर्ची गेलीच समज."

हट्टापुढे इलाज नव्हता. एवढंच कबूल करून घेतलं की आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं; ते झाल्यावर तिच्याबरोबर तिच्या दवाखान्यात गेले. दातांच्या डॉक्टरांनी ताईकडे एकदाच पाहिलं आणि नव्या मुलीला रिसेप्शनच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. "तुम्ही उद्यापासून आत अवजारांचं बघा," ते ताईला म्हणाले. पाठ फिरवून, चालता चालता. माझं डोकं फिरलं, आणि आता तो राग ताईवर नव्हता. मी तोंड उघडणार तोच ताईने माझा हात दाबला.

नवी मुलगी भेदरून बसली होती. ताई तिच्याशेजारी उभी राहिली. चेहऱ्यावर व्हॅसलिन चकाकत होतं, बोलताना कातडी ताणली की डोळ्यांत पाणी येत होतं.

"हे बघ बाळा," ती म्हणाली, "दाढ धरून कोणी आलं ना, तर नाव नंतर विचार. आधी बसायला सांग. आणि हसून सांग."

एवढं बोलून तिने ते हसू स्वतः करून दाखवलं.