टाचणीच्या डोक्याखालचं अंतर

मित्रांनो, मी भारताचा एक जुना नकाशा आहे. पुण्याच्या कॅम्पात रहीमभाईंचं विमान-तिकिटांचं दुकान आहे, त्याच्या भिंतीवर मी तीस वर्षं टांगलेला आहे. नवा होतो तेव्हा माझा रुबाब काय सांगू! पुण्यावर एक मोठी टाचणी आणि तिला गाठी मारलेला दोरा. एक गाठ म्हणजे शंभर किलोमीटर. गिऱ्हाईक आलं की रहीमभाई दोरा ताणत, गाठी मोजत आणि वेळ सांगत. नागपूरला सहा गाठींहून थोडं जास्त, म्हणजे विमानाने साधारण सव्वा तास. लोक "वा!" म्हणत आणि मी फुगत असे.

पण गर्वाचं घर खाली. माझ्या भरवशावर एक गृहस्थ नागपूरच्या लग्नाला निघाले आणि पोचले ते पंगती उठल्यावर. तेव्हापासून रहीमभाई दोऱ्याला हात लावण्याआधी विचारू लागले, "घर कुठं तुमचं?" मला याचा राग यायचा. मोजायचं माझ्यावर, मग घराची चौकशी कशाला?

पुढे संगणक आला. रहीमभाईंची मुलगी शाइस्ता त्यावर बसू लागली आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. परवा ती म्हणालीच, "अब्बा, हा नकाशा काढा आता. नुसता धूळ खातोय." मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी धायरीच्या सुशीलाबाई मुलाला, तेजसला घेऊन आल्या. नागपूरला त्यांचे धाकटे भाऊ रावसाहेब यांच्या घशाचं दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज कायमचा जाणार होता. फोनवर आताच नुसती खरखर ऐकू येई.

"एकदा समोर बसून त्याच्या तोंडून 'ताई' ऐकायचंय हो," म्हणताना बाईंचे डोळे भरून आले.

"पावणेअकराची फ्लाइट द्या," तेजस म्हणाला. "सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. बाराला नागपूर. आईची झोपमोड कशाला?"

रहीमभाई उठून माझ्यापाशी आले. "यात धायरी दाखवा."

तेजसने वाकून पाहिलं. "टाचणीखाली गेलीय."

"आणि लोहगावचा विमानतळ?"

"तोही टाचणीखालीच."

"त्याच टाचणीखाली सगळा सिंहगड रोड आणि त्यावरची गर्दीही आहे, साहेब. शिवाय पेशंटला तासभर आधीच आत नेतात. विमान रखडलं तर काय करणार? सातचं घ्या. झोप काय, परत आल्यावरही मिळेल."

तेजसने पैसे काढले. सातचं तिकीट निघालं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराचं विमान दोन तास उशिरा सुटलं. शाइस्ताने ते संगणकावर पाहिलं आणि अब्बांकडे बघत राहिली. एकच्या सुमारास सुशीलाबाईंचा फोन आला.

"भाई, तो बोलला! तासभर 'ताई, ताई' करत होता. आत्ताच आत नेलं त्याला."

रहीमभाई फोन ठेवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले. शाइस्ता मात्र उठली, तिने फडकं आणलं आणि मला काठाकाठाने पुसून काढलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण आधी माझी चूक ऐका. मी सहाशे किलोमीटर मिरवत राहिलो आणि माणसाचं घर मात्र टाचणीखाली झाकून ठेवलं. कुणी तुमची वाट बघत असेल, तर अंतर आपल्या उंबऱ्यापासून त्याच्या खाटेपर्यंत मोजा. आणि जरा लवकर निघा.